उजव्या कडेचा उजेड

मार्गशीर्षातली पौर्णिमा होऊन गेल्यावर एका रात्री, वाशीम जिल्ह्यात कामरगावच्या पुढे नाल्याकाठच्या मळ्यात, देवमनकाका आपल्या मचाणावर बसल्या जागी वारले. सकाळी वांगी तोडायला निघालेल्या त्यांच्या पुतण्याने, रमेशने, त्यांना पाहिलं. डॉक्टरांच्या मते मृत्यू आदल्या रात्री लवकरच, जेवणानंतर थोड्या वेळात झाला असावा. नाल्यापलीकडच्या शेतात जागल करणारे रशीदचाचा मात्र सांगत होते, की त्या मचाणावरून त्यांना पहाटेपर्यंत बॅटरीचा जवाब येत होता. टॉर्चला तिकडे बॅटरी म्हणतात.

मी पोचले तेव्हा दहावा झाला होता आणि तेरवी व्हायची होती.

माझं जाण्याचं कारण वेगळं होतं. पुण्यात बरीच वर्षं वर्तमानपत्राच्या कचेरीत बातम्या तपासल्यावर आता मी घरामागच्या परसात एक लहान दुर्बीण मांडून अंधूक तेजोमेघांचे फोटो काढते. अंधूक म्हणजे नुसत्या डोळ्यांना तर नाहीच, दुर्बिणीला डोळा लावूनही न दिसणारे. कॅमेरा तीन-तीन मिनिटं त्यांच्याकडे उघडा ठेवावा लागतो. एका फोटोत काहीच नसतं. असे पुष्कळ फोटो संगणकात एकावर एक रचले, की मधे कुठेतरी धुरासारखा आकार धरू लागतो. आमच्या गल्लीत पांढरे दिवे लागल्यापासून तोही धरत नाही.

रमेश पूर्वी आमच्या कचेरीची गाडी चालवायचा. गावी परतून भाजीपाल्याच्या मळ्यात रमला, तरी फोन करायचा. "आमच्या परसात या ताई," तो म्हणायचा, "इथं अंधार फुकट हाये."

यंदा मला हवा होता तो मेघ मृग नक्षत्राच्या पायाशी, राजन्य ताऱ्याच्या शेजारी आहे. पाश्चात्त्यांनी त्याला चेटकिणीचं डोकं असं नाव दिलं आहे. फोटो आडवा धरला तर लांब नाक, हनुवटी आणि उघडं तोंड दिसतं. त्याला स्वतःचा उजेड नाही. राजन्याचा उजेड त्याच्या धुळीवर पडून परततो, तेवढाच आपल्यापर्यंत येतो.

देवमनकाकांचं कळल्यावर मी बेत रद्द करायला फोन केला. रमेश म्हणाला, "या तुमी. काकूच म्हनली, येऊ दे त्या बाईले. रात्री परसात कोनी जागं असलं त बरं."

कामरगावच्या पुढे

स्टँडवरून रमेशने मला मोटरसायकलवर घेतलं. दुर्बिणीची पेटी पोटाशी, तिपाई पाठीला. दोन्ही बाजूंना तूर कापणीला आली होती, मधूनमधून हरभरा. डांबर संपल्यावर गाडीवाट, ती संपते तिथे घर. पुढे ओसरी, मागे सारवलेलं परस. परसात दक्षिणेकडे तोंड करून उभं राहिलं की डाव्या हाताला उतार, नाला आणि त्यापलीकडे रशीदचाचांचं शेत. उजव्या हाताला वांगी, मग हरभरा, आणि हरभऱ्याच्या टोकाला मचाण. चार बल्ल्या, वर बांबूचा पाट, त्यावर गवताचं छप्पर. दोन्ही शेतांच्या मधोमध हे परस येतं.

मचाणाकडे जाणारी पायवाट गवताने भरू लागली होती. त्यांच्याकडे रीत अशी, की माणूस ज्या जागी गेला त्या जागेवर तेरवी होईपर्यंत दुसऱ्याने बसायचं नाही. आमच्याकडे सातारा भागात मेलेल्या माणसाचं अंथरूण काढून टाकतात आणि जागा लगेच वापरात येते. इथे जागा राखून ठेवतात.

"मग रात्री पिकाची राखण कोण करतं?" मी विचारलं. रोही, म्हणजे नीलगायी, आणि रानडुकरं त्या भागात एका रात्रीत हरभरा लोळवतात, हे मला ठाऊक होतं.

"कोनीच नाही," रमेश म्हणाला. "चला, दाखवतो."

त्याने मला शेताच्या बांधावर नेलं. ओल्या मातीत डुकरांच्या खुरांचे ठसे होते. नाल्याच्या अंगाने वर आलेले, बांधापर्यंत आलेले. बांधाच्या आत एकही नव्हता. ठसे तिथल्या तिथे वळून परत गेले होते. शेजारच्या शेतातला हरभरा मात्र उकरलेला दिसत होता.

"दहा-बारा रोज झाले," रमेश म्हणाला. "मी तोंडानं काही बोलत नाही. बोललं त येतील."

परस

गोदाकाकू, देवमनकाकांची बायको, माझ्याशी पहिल्या संध्याकाळी दोनच वाक्यं बोलल्या. पहिलं, "भाकर घ्या." ज्वारीची भाकर, बिनफोडणीचं वरण, मीठ लावून उकडलेल्या तुरीच्या शेंगा. सुतकाचं जेवण म्हणून तेलाचं काही नव्हतं. शेंगा दातांनी ओढून दाणे खायचे, टरफलांचा ढीग ताटाशेजारी करायचा. ते मला जमेना. रमेशची बायको मंदा हसू दाबत म्हणाली, "शेंग खाता येत नाही अन चांदन्या मोजाले आल्या."

दुसरं वाक्य मी दुर्बीण मांडत असताना. काकू परसाच्या दारात उंबऱ्यावर बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, "कायचा फोटो काढता?"

"धुळीचा," मी म्हणाले.

त्यांनी वाकून अंगणातली चिमूटभर धूळ उचलली, पाहिली आणि सोडून दिली.

अंधार पडल्यावर थंडी खाली उतरली. नाल्यावर पातळ धुकं धरलं. मृग पूर्वेकडून दक्षिणेला वर सरकलं आणि मी पहिले फोटो लावले. दुर्बीण ताऱ्यामागे आपोआप फिरते, कॅमेरा आपोआप चालतो. आपण फक्त भिंगावर दव धरू नये एवढं पाहायचं. माझ्या दुर्बिणीच्या तोंडाचं दव अडवणारं नळकांडं आखूड आहे आणि त्याला दुसरा एक दोष आहे. बाजूने उजेड आला, की फोटोच्या त्या बाजूच्या कडेला दुधाळ पट्टा उठतो.

जेवणं होऊन घर निजलं तेव्हा नाल्यापलीकडून एकदा उजेड लवला. परसाच्या भिंतीवरून सरकला आणि विझला. मला वाटलं कोणी शेतकरी असेल. काकूंनी मात्र उंबऱ्यावर बसल्या बसल्या अंग फिरवून पाठ केली, आता त्यांचं तोंड घराकडे होतं. काही वेळाने पुन्हा उजेड लवला.

"कोण आहे?" मी विचारलं.

"तिकडं पाहू नका," त्या म्हणाल्या.

पहाटे कॅमेऱ्याची वायर एका वासराच्या पायात अडकून निघाली आणि शेवटचे फोटो वाया गेले. बाकीचे मी सकाळी ओसरीवर लॅपटॉपवर पाहिले. काही फोटोंच्या कडांना दुधाळ पट्टे होते. एका कडेला असते तर मी ते टाकून देऊन विसरले असते. ते एकाच फोटोत दोन्ही कडांना होते, डाव्या आणि उजव्या. उजवीकडे मचाण होतं आणि मचाणावर कोणी नव्हतं.

मी फोटो रमेशला दाखवले. त्याने आधी घरात पाहिलं, काकू जवळपास नाहीत याची खात्री केली, आणि मग सांगितलं.

काका आणि रशीदचाचा जागलीचे जोडीदार होते, रमेशच्या जन्माच्या आधीपासून. एक नाल्याच्या या बाजूला, एक त्या बाजूला. रात्रीतून अधूनमधून एकाने बॅटरी दाखवायची, दुसऱ्याने जवाब द्यायचा. जवाब आला म्हणजे माणूस जागा आहे, धड आहे. जवाब आला नाही तर हातातलं काम टाकून नाला ओलांडून जायचं. साप असतो, डुक्कर असतं. हा नेम दोघांनी कधी मोडला नव्हता. ज्या रात्री काका गेले त्या रात्री चाचा आले नाहीत.

"काकू म्हनते, रशीद झोपला," रमेश म्हणाला. "अन आता झाकाले जवाब आला म्हनून सांगून राह्यला. तेरवीले येऊ नको म्हनून निरोप देल्ला तिनं. या घरात त्याच्याबिगर कधी पंगत उठली नाही, ताई. ईदले आमी तिकडं, पोळ्याले थो इकडं."

"आणि चाचा अजून बॅटरी दाखवतात?"

"रोज. त्याचा लेक म्हनते, बाप गेला कामातून. तेरवी झाली का त्याले वाशीमले घेऊन जातो, शेत बटईनं देतो. तिथं त्याचं गॅरेज हाये."

"चाचा काय म्हणतात?"

रमेशने लॅपटॉपकडे बोट केलं. "म्हनतात, जवाब अजूनबी येते."

नाल्यापलीकडे

रशीदचाचा बाभळीखाली बाजेवर बसून दोरी वळत होते. उंच, वाकलेले, डोक्याला मफलर. सुनेने चहा आणला. त्यांनी माझ्याकडे न पाहता विचारलं, "तुमीच का त्या पुन्याच्या? तारे पाहाले आल्या?"

"फोटो काढायला."

"मंग मले एक सांगा. तुमच्या मशीनीत बॅटरीचा उजेड येते का?"

"येतो. काल आला."

दोरी थांबली. "कोनत्या बाजूचा?"

"दोन्ही."

सून आत जाता जाता दारात उभी राहिली. चाचांनी तिला हाताने आत जायला सांगितलं.

"अब्बा, पुन्हा तेच कायले," ती म्हणाली.

"जा बेटा. बाई पेपरवाली हाये, लिहून घेईन." मग माझ्याकडे वळून, "हे सगळे मले पागल समजून राह्यले. मीबी समजलो असतो. पन मी झोपलो नाही. कुराणाची कसम खाल्ली, त भाभी म्हनते कसमेनं मानूस वापस येते का. बरोबर हाये तिचं."

मी त्या रात्रीचं विचारलं. त्यांनी सावकाश सांगितलं. चांदणं होतं पण नाल्यावर धुकं होतं, मचाणावरचा माणूस दिसत नव्हता, फक्त उजेड दिसत होता.

"देवमनभाऊची एक खोड होती," ते म्हणाले. "जवाब द्याले लई उशीर लावे. मी बॅटरी दाखवली का थो आधी हातातली बिडी संपवे. मंग खोकले. मंग बॅटरी उचले. मी इकडं शिव्या देत बसू, काहून बे देवमन्या, मेला का? तिकडून थो सकाळी म्हने, मेलो असतो त लवकर जवाब देल्ला असता."

ते हसले. हसून झाल्यावर त्यांनी मफलरने तोंड पुसलं.

"त्या रात्री दाखवली का लगेच जवाब. दाखवली का लगेच. मले वाटलं आज थंडी हाये, भाऊ चांगला जागा हाये, बिडीबी नाही ओढून राह्यला. मी खुशीत होतो, बाई."

"आता येतो तो जवाब कसा येतो?"

"तसाच. लगेच." त्यांनी दोरीचं टोक बोटाला गुंडाळलं. "मेल्यावर सुधारला म्हना."

मी त्यांना रात्री नेहमीप्रमाणे बॅटरी दाखवत राहायला सांगितलं. कशासाठी ते सांगितलं नाही, कारण मलाही खात्री नव्हती.

मचाणाखाली

दुपारी रमेश आणि मी मचाणापाशी गेलो. वर चढलो नाही. खाली बिड्यांची थोटकं पडली होती, पावसाळ्यातली काळी आणि अलीकडची पिवळी. डुकरं हाकायला वाजवायचं म्हणून पूर्वेच्या बल्लीला, डोक्याच्या वर हातभर, तारेने एक स्टीलचं ताट आवळून बांधलं होतं. त्याचा तळ नाल्याकडे होता. वारा नव्हता आणि ताट हलत नव्हतं. नाल्याकडून पाहिलं तर त्यात दुपारचं आभाळ भरलेलं दिसत होतं.

"इथं डबा राहे," रमेश म्हणाला. "गोडेतेलाचा. हे ताट कधी आलं?"

अंधार पडल्यावर आम्ही तपासणी केली. आधी रमेश मचाणाच्या पायथ्याशी उभा राहिला आणि त्याने पूर्वेकडे बॅटरी दाखवली. फोटोत फक्त उजव्या कडेला पट्टा आला. मग तो परत आला आणि आम्ही वाट पाहिली. चाचांची बॅटरी लवली. तो फोटो पुरा झाल्यावर पाहिला, पट्टा दोन्ही कडांना होता. पुन्हा लवली, पुन्हा दोन्ही कडांना. मग रमेशने लांब बांबूने ताटावर गोणपाट टाकलं. त्यानंतर चाचांची बॅटरी लवली त्या प्रत्येक फोटोत पट्टा फक्त डाव्या कडेला होता.

थोड्या वेळाने नाल्यापलीकडून हाक आली. शब्द कळले नाहीत. मग उजेड लवला, लगेच पुन्हा लवला, आणि मग धुक्यातून चपलांचा आवाज येऊ लागला. जवाब आला नव्हता म्हणून रशीदचाचा नाला ओलांडून येत होते.

ते परसाच्या कुंपणाशी थांबले, आत आले नाहीत. हातात काठी होती, धोतर गुडघ्यापर्यंत भिजलं होतं. रमेशने त्यांना काय केलं ते सांगितलं. त्यांनी दोनदा विचारलं. मग कुंपणाच्या बल्लीला धरून म्हणाले, "म्हनजे माहीच बॅटरी मले जवाब देऊन राह्यली होती."

"हो," रमेश म्हणाला.

"अन थो वर तसाच बसून."

चाचा आले तसे परत गेले. त्या रात्री नाल्यापलीकडून पुन्हा उजेड आला नाही.

सकाळी मी लॅपटॉप गोदाकाकूंसमोर ठेवला. त्यांना फोटो वाचता येणार नाहीत म्हणून आधी तोंडी सांगितलं, मग दोन्ही कडांचे आणि एका कडेचे फोटो शेजारी शेजारी लावले. त्यांनी ते नीट पाहिले. ताटाचा उल्लेख आल्यावर त्यांनी मला थांबवलं.

"ते माह्या रांधनीतलं ताट हाये," त्या म्हणाल्या. "डबा फुटला म्हने त्या संध्याकाळी. मीच देल्लं. थो म्हने राहू दे, जुनं दे एखादं. म्यां म्हटलं घासलेलं ने. राखेनं घासलं होतं. लई चमके."

मग त्यांनी विचारलं, "म्हनजे रशीद जागा होता?"

"रात्रभर," मी म्हणाले.

त्या उठून आत गेल्या. आतून त्यांनी रमेशला हाक मारली आणि ताट काढून आणायला सांगितलं. वर न चढता, आकडी लावून.

तेरवीचं जेवण

तेरवीला कढी, वडे, भात, भोपळ्याची भाजी आणि बुंदी होती. ओसरीवर आणि अंगणात पंगत बसली. सगळ्यांपुढे पत्रावळी होत्या. रशीदचाचा मुलासोबत आले आणि अंगणाच्या कडेला उभे राहिले. मुलगा वाशीमहून सकाळीच आला होता, त्याच्या मोटरसायकलला मागे मोकळी पिशवी बांधलेली होती, बापाचं सामान न्यायला.

गोदाकाकू बाहेर आल्या. त्यांनी चाचांना ओसरीवर, रमेशच्या शेजारी जागा दाखवली.

"भाभी, मी इथंच बरा," चाचा म्हणाले.

"बस. पंगत खोळंबून राह्यली."

ते बसले. मंदा पत्रावळ मांडायला वाकली, तेव्हा काकूंनी तिला बाजूला केलं आणि स्टीलचं ताट पुढे ठेवलं. तेच ताट. पुन्हा घासलेलं होतं. चाचांनी त्याच्याकडे पाहिलं आणि हात मांडीवर ठेवले.

"मले येगळं काहून?"

"त्यानं त्या रात्री यात काही खाल्लं नाही," काकू म्हणाल्या. "तू खा."

ते जेवले. सगळं संपवलं, कढी दोनदा घेतली. जेवण होत आलं तेव्हा काकूंनी कोनाड्यातून देवमनकाकांची बॅटरी काढली, तिचे सेल काढून चाचांच्या ओंजळीत दिले आणि रिकामी बॅटरी परत कोनाड्यात ठेवली.

"तुह्याबी बॅटरीचे सेल थोच आनून देत होता ना? हे नवे हायेत. वाया कायले घालवा."

मुलगा मधे बोलला. "काकू, अब्बाले मी आजच घेऊन जातो. सेल काय करतात वाशीमात?"

"कोनाले घेऊन जातो बे?" गोदाकाकू म्हणाल्या. "नाल्याच्या त्या बाजूले कोन बसन मंग? तू बसतो? गॅरेजमधून डुक्कर हाकतो का?"

पंगतीत हशा झाला. मुलगाही हसला. मोकळी पिशवी घेऊन तो संध्याकाळी एकटाच परत गेला.

मचाणावर दुसऱ्या दिवसापासून रमेशने बसायचं ठरलं. नवा डबाही तेव्हाच बांधायचा होता. ताट मंदाने धुऊन रांधणीत पालथं घातलं.

ती माझी तिथली शेवटची रात्र. वारा पडला होता, धुकं नव्हतं आणि राजन्याच्या आजूबाजूचं आभाळ त्या खेपेतलं सगळ्यात काळं होतं. मी कॅमेरा लावला, वायर वासराच्या वाटेतून उचलून बांधली आणि ओसरीवर येऊन झोपले. दिवसभरच्या कामाने घर लवकर निजलं. गोदाकाकू त्या रात्री उंबऱ्यावर बसल्या नाहीत. पहाटे उठले तेव्हा कॅमेरा बिनचूक चालू होता आणि भिंगावर दव नव्हतं.

निघताना काकूंनी मला उकडलेल्या शेंगांची पिशवी दिली. म्हणाल्या, "घरी शिका."

पुणे

परतल्यावर मी चारही रात्रींचे फोटो एकावर एक रचले. हे काम करणाऱ्या संगणकाची रीत अशी, की जे सगळ्या फोटोंत आहे ते तो ठेवतो आणि जे एखाद्याच फोटोत आलं ते गाळतो. विमानं, उपग्रह, बॅटरीचा उजेड, सगळं गळतं. चेटकिणीचं डोकं नीट उमटलं आहे. नाक, हनुवटी, उघडं तोंड. ते मी भिंतीवर लावलं आहे. त्यात कडांना कुठेही पट्टा नाही.

गाळलेले फोटो मी वेगळे ठेवते, जुनी सवय आहे. तेही पाहिले.

मग रमेशला फोन केला. तेरवीच्या रात्री मचाणावर कोणी गेलं होतं का, ते विचारलं. त्याने सांगितलं, कोणी नाही. तो स्वतः दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पहिल्यांदा चढला. तोवर डबा बांधलेला नव्हता. ताट रांधणीत होतं. काकांची बॅटरी कोनाड्यात होती, सेलांविना. त्या रात्री रशीदचाचा जागलीला होते, नव्या सेलांवर. हरभऱ्यात डुकरं आली नाहीत. काहून विचारून राह्यल्या, असं त्याने विचारलं. मी फोटोंची नोंद पुरी करायची आहे असं सांगितलं, आणि ते खरं होतं.

तेरवीच्या रात्रीच्या फोटोंत डाव्या कडेला पट्टा आहे. तो नाल्यापलीकडचा, चाचांच्या बाजूचा. त्या फोटोंची उजवी कड काळी आहे.

उजव्या कडेचा पट्टा प्रत्येक वेळी त्याच्या पुढच्या फोटोत आहे, एक बिडी संपावी इतक्या उशिराने.